कीचकवन आणि साकव

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या मार्गावर दुसरबीड लागतें. भोंवतीं काळ्या मातीचीं शेतें. बांबू येथें भेटतो तो बुरडानें विणलेल्या सुपांत, टोपलींत किंवा मांडवाच्या मेढींत. त्याचें मूळ घर पाहावयाचें, तर बुलढाण्याचें पठार उतरून, तापीला मिळणाऱ्या पूर्णेचें खोरें ओलांडून सातपुड्याच्या गाविलगड रांगेंत शिरावें लागतें.

तेथें साडेतीन हजार फुटांहून अधिक उंचीवर चिखलदरा वसलेलें आहे. भीमानें कीचकाला मारून ज्या दरींत लोटलें ती कीचकदरा, आणि तिचाच अपभ्रंश चिखलदरा, असें लोककथा सांगते. संस्कृतांत ‘कीचक’ शब्दाला आणखी एक अर्थ आहे: वाऱ्यानें आपोआप वाजणारा वेळू. येथील मानवेल बराचसा भरीव असतो. तरी वारा सुटला म्हणजे काठीवर काठी घासून जो करकर स्वर निघतो, तो ज्या श्रोत्यांनीं ऐकला असेल त्यांना हा दुसरा अर्थच अधिक पटेल.

अशा वनांतील ओढ्यावरचा साकव ही अगदीं साधी वस्तु. चारसहा लांब बांबू शेजारीं शेजारीं ठेवावे, त्यांवर आडव्या कामट्या दोरानें आवळाव्या, हाताला धरावयास एका अंगानें काठी बांधावी, झालें. पायाखालीं तो किंचित् लवतो, खालून पाणी वाहतें, आणि पलीकडे बांबूचीं बेटें राखलेल्या बागेसारखीं उभीं असतात. शहरच्या प्रवाशाला तेथें मोठी शांति लाभते. परंतु पावसानें व किडीनें हा साकव थोड्याच वर्षांत खचतो. तो टिकतो पुनः पुनः बांधल्यानें. आणि त्यासाठीं जवळच्या बेटांतून चार काठ्या तोडण्याची मोकळीक लागते.

तोडीचें नांव ऐकून भिण्याचें कारण नाहीं. बांबू हें गवत आहे. ज्वारी आणि ऊंस यांचा तो थोरला भाऊबंद. पावसाळ्यांत निघालेला कोंब एकाच हंगामांत पूर्ण उंची गांठतो आणि पुढें जाडींत वाढत नाहीं. म्हणून जाणता माणूस चालू व गेल्या वर्षाची काठी राखतो, जुनी पक्व काठी काढतो आणि पावसाळ्यांत कोयता लावीत नाहीं. सगळें तोडलें तर बेट मरतें. कांहींच न तोडलें तर दाटीनें कोंडतें. कित्येक दशकांनीं एकदां त्याला फुलोरा येतो, बीं पडतें आणि बेट वाळून जातें. त्या वेळीं वणवा लागूं न देणें हीच पुढच्या वनाची पेरणी.

हें जाणणाऱ्या गांवकऱ्याचा हक्क मात्र दीर्घकाळ कायद्यांत अडकला होता. १९२७ च्या वन कायद्यानें बांबूला वृक्षांत गणलें. २००६ च्या वनहक्क कायद्यानें तो गौण वनोपज ठरला, आणि २०११ मध्यें गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा गांवच्या ग्रामसभेला आपल्या वनांतील बांबू स्वतः विकण्याचा अधिकार प्रत्यक्ष मिळाला. २०१७ मध्यें जुन्या कायद्यांतील वृक्षाच्या व्याख्येंतून बांबू वगळला गेला, आणि वनाबाहेर तो लावणाऱ्याची वाट पुष्कळशी मोकळी झाली.

अमरावतीजवळ वडाळीच्या बांबू उद्यानांत त्याच्या नाना जाती पाहावयास मिळतात. त्यांतील एखादी दुसरबीडच्या नाल्याकाठीं रुजली, तर ती माती धरून ठेवील, बुरडाला काम देईल, आणि पावसाळ्यांत शेताकडे जाणाऱ्यांना साकवासाठीं काठ्याही पुरवील.