एक यंत्र, तीन दलं
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेलं व्याख्यान)



सैन्याचा विषय निघाला की आपण शौर्याबद्दल बोलतो. आज मी सैन्याच्या सामानाबद्दल बोलणार आहे. आपली मुलं लष्करात, नौदलात, वायुदलात जातात. ती ज्या यंत्रात बसतात ते कोणासाठी बनवलं, बिघडलं तर कोण बघतं, हे घरच्यांना ठाऊक असायला हवं.

तिन्ही दलांना हेलिकॉप्टर लागतं. प्रत्येकाने वेगळं घेतलं तर सुटे भाग तीन तऱ्हेचे, कोठारं तीन, मिस्त्रीही तीन ठिकाणी शिकवायचे. त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एकच घ्यावं, पैसा वाचेल. हा हिशेब बरोबर आहे, पण तो अर्धाच आहे.

आपल्या भरवेलीच्या खाणीचंच बघा. मँगनीज जवळजवळ सगळ्याच पोलादात लागतं. पण इमारतीच्या सळईत ते थोडं, आणि रेल्वेचे रूळ जिथे एकमेकांना छेदतात तिथल्या पोलादात बारा टक्क्यांच्या आसपास. जिन्नस एकच, पण काम बदललं की प्रमाण बदलतं. सैन्याच्या सामाईक यंत्राचंही तसंच आहे.

हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं 'ध्रुव' हेलिकॉप्टर घ्या. काम १९८४ साली सुरू झालं, पहिलं उड्डाण २० ऑगस्ट १९९२ रोजी झालं आणि २००२ पासून ते सेवेत आलं. लष्कर, नौदल, वायुदल आणि तटरक्षक दल असे चार धनी. लष्कराला ते सियाचीनच्या उंचीवर चालायला हवं, जिथे हवा विरळ आणि इंजिनाचा दम लागतो. नौदलाला खाऱ्या हवेत टिकणारं आणि पाती दुमडून जहाजावरच्या छोट्या जागेत मावणारं हवं. म्हणून लष्कर आणि वायुदलाच्या ध्रुवला खाली घसरपट्ट्या आहेत, तर नौदल आणि तटरक्षक दलाच्या ध्रुवला चाकं आहेत. पाती दुमडण्याची अडचण मात्र नौदलाला बराच काळ छळत राहिली.

ही अडचण आपल्याच वाट्याची नाही. अमेरिकेत १९६१ साली संरक्षणमंत्री मॅकनामारा यांनी वायुदल आणि नौदलाने मिळून एकच लढाऊ विमान घ्यावं असं ठरवलं. तेच एफ-१११. नौदलाची आवृत्ती इतकी जड झाली की विमानवाहू जहाजासाठी ती सोयीची राहिली नाही. १९६८ साली नौदलाने नाद सोडला आणि पुढे स्वतःचं वेगळं विमान घेतलं. वाचवायला निघालेला पैसा असाही जातो.

आता जमलेलं उदाहरण. भारत आणि रशिया यांच्यात १२ फेब्रुवारी १९९८ रोजी करार झाला. ब्रह्मपुत्रा आणि मॉस्क्वा या दोन नद्यांवरून नाव ठेवलं 'ब्रह्मोस'. पहिली चाचणी १२ जून २००१ रोजी चांदीपूरला झाली. आधी ते नौदलाकडे गेलं, मग लष्कराकडे. वायुदलाची पाळी सगळ्यांत शेवटी आली, कारण जहाजावर आणि गाडीवर चालणारं सुमारे तीन टनांचं क्षेपणास्त्र विमानाखाली टांगणं अवघड. म्हणून गाभा तोच ठेवून वजन अडीच टनांवर आणलं, आणि सुखोई विमानाचा सांगाडा आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात मजबूत केला. २२ नोव्हेंबर २०१७ रोजी बंगालच्या उपसागरावर सुखोईतून पहिला मारा झाला. पहिल्या चाचणीपासून सोळा वर्षं! पण सामाईक काय आणि वेगळं काय, हे नीट वाटलेलं होतं, म्हणून काम तडीस गेलं.

आता या व्यवहाराची जोखीम सांगतो. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळलं आणि त्यातले तिघे गेले. त्यानंतर सगळ्याच दलांची ध्रुव हेलिकॉप्टरं, तीनशेच्या वर, जमिनीवर थांबवली गेली. लष्कर आणि वायुदलाच्या हेलिकॉप्टरांना उडायची परवानगी मिळेपर्यंत मे उजाडला. अपघात समुद्रकाठचा, आणि अडचण हिमालयातल्या चौक्यांची. थांबवणं योग्यच होतं, माणसाच्या जिवापुढे दुसरं काही नाही. पण यंत्र सामाईक असलं की दोषही सामाईक होतो. म्हणून एका दलाच्या मिस्त्रीला दिसलेली बारीकशी चीर त्याच दिवशी बाकीच्यांना कळली पाहिजे. पैसा वाचला आणि खबर अडली, तर तो व्यवहार महागात पडतो.

ही खबर कोणी फिरवायची, आणि चार धन्यांत शेवटचा शब्द कोणाचा? कारगिलनंतर २००१ साली तिन्ही दलांचं एकत्रित मुख्यालय उभं राहिलं. १ जानेवारी २०२० रोजी जनरल बिपिन रावत पहिले संरक्षण दलप्रमुख झाले. कोणाची गरज आधी, कोणती खरेदी एकत्र, हे जुळवणं त्या पदाच्या कामांत येतं. सरकारी नोकरीतला माणूस म्हणून मला याचं मोल कळतं. रस्ता एका खात्याचा, नळ दुसऱ्याचा, तार तिसऱ्याची. तिघांचे नकाशे एका टेबलावर आले नाहीत, तर कालचा डांबरी रस्ता आज खोदला जातो. आपल्याकडे खड्डा पडतो. तिकडे जीव जातो.

म्हणून तिन्ही दलांसाठी एकच यंत्र येणार अशी बातमी वाचाल, तेव्हा किंमत जरूर बघा. पण त्यासोबत तीन गोष्टी विचारा: कोणता भाग सामाईक, कोणता वेगळा, आणि जबाबदार कोण? पगाराच्या करातून पैसा आपलाच जातो, आणि त्या यंत्रात बसणारी पोरंही आपलीच असतात.

विघ्नहर्ता त्यांना सुखरूप ठेवो. गणपती बाप्पा मोरया!