छातीचा स्कॅन आणि हृदयाची खूण



2020-21 च्या करोनात आपल्या भोर-वेल्ह्याकडच्या माणसांचेही छातीचे स्कॅन झाले. पाहायचे होते फुप्फुस; पण त्याच चित्रात हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेला कॅल्शियमचा थरही दिसतो. तो अहवालात लिहावाच, असे अमेरिकेतील तज्ज्ञांच्या संस्थांनी 2016 साली सांगितले. तरी पुष्कळदा ती ओळ राहून जाते.

थर दिसला म्हणजे झटका आला, असे नव्हे. डॉक्टर वय, रक्तदाब, साखर, रक्तातील चरबी व तंबाखूची सवय पाहतात. त्रास नसेल तर बहुधा गोळ्या व पथ्य सांगतात. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तर पुढची तपासणी करतात.

तेव्हा जुने अहवाल ट्रंकेतून काढा. इंग्रजी असतील तर मुलांकडून वाचून घ्या. ‘कॅल्सिफिकेशन’ शब्द आढळला, तर डॉक्टरांना दाखवा. आणि बायांनो, नुसता यजमानांचा नव्हे, आपलाही!