यंत्रयुगातील न्याय आणि आपण
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



ज्ञातीच्या मेळाव्यात कोर्टकचेरीचा विषय कशाला, असे कोणाच्या मनात येईल. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हेच आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. परंतु आज ती पायरीच आपल्या घरात शिरली आहे. पोलिसाचा वेष घेतलेला भामटा मोबाइलच्या पडद्यावर प्रकट होतो, ‘तुम्हांस डिजिटल अटक झाली आहे’ असे बजावतो आणि जन्माची पुंजी घेऊन पसार होतो. फसलेल्यांत सुविद्य मंडळीही आहेत. त्यांची विद्या उणी नव्हती. अटकेची रीत मात्र ठाऊक नव्हती. पडद्यावरून अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात मुळीच नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष्य अधिनियम अमलात आले. आता फिर्याद इलेक्ट्रॉनिक मार्गाने देता येते. मात्र तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. साक्षही दूरवरून नोंदविता येते. यात लोकांची सोय आहे, हे कोणीही मान्य करील. प्रश्न एवढाच की, सोयीच्या ओघात न्यायाची रीत वाहून जाऊ नये.

त्यासाठी कायद्याने काही बांध घातले आहेत. झडतीचे व जप्तीचे चित्रीकरण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे धाडलेच पाहिजे. संगणकातील नोंद पुराव्यात द्यावयाची तर प्रमाणपत्र हवे, आणि त्यात ‘हॅश’ नावाचा अंक हवा. हा अंक म्हणजे त्या नोंदीचा जणू अंगठ्याचा ठसा. नोंदीतील एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. जप्तीच्या वेळीच तो टिपून ठेवला, तर मागाहून झालेली ढवळाढवळ उघडकीस येते. प्रमाणपत्राची आवश्यकता सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठासून सांगितली, ती आपल्याच जालन्याच्या एका निवडणूक खटल्यात.

सर्वांत मोलाचा बांध निराळाच आहे. न्यायालयीन कोठडी वाढविण्यास आरोपीचे पडद्यावरील दर्शन चालते. परंतु पोलीस कोठडी मागावयाची तर त्यास दंडाधिकाऱ्यासमोर प्रत्यक्ष उभे केलेच पाहिजे. का बरे? कारण अंगावरचा वळ कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर राहू शकतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या अंमलदाराच्या धाकाने जीभ अडखळते. माणसाचे दुःख माणसाने समोर पाहावे, हाच त्या नियमाचा आशय होय.

अटकेची कारणे कळण्याचा, वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर जाण्याचा हक्क घटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने दिलेला आहे. अटकेची कारणे लेखी आणि त्या व्यक्तीस समजेल अशा भाषेत द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली सांगितले. म्हणजे मराठी माणसाने मराठीत कागद मागावा. त्यात उद्धटपणा नाही.

कोणी म्हणेल, निरपराध्यास ही उठाठेव कशाला? बंधूंनो, अपराध कोणाचा हे ठरण्यापूर्वीचाच हा मार्ग आहे. तो सर्वांसाठी सरळ असेल तरच निरपराधी त्यातून सुखरूप बाहेर पडेल. यंत्र साक्षीदार होऊ शकते. न्यायाधीश होऊ शकत नाही. आणि साक्षीदार म्हटला की त्याची उलटतपासणी आलीच.

म्हणून माझी विनंती एवढीच : आपल्या मंडळातील वकील बांधवांनी वर्षातून एक संध्याकाळ द्यावी, आणि आजीआजोबांपासून कॉलेजातील मुलामुलींपर्यंत सर्वांना हे चार नियम समजावून सांगावेत. शिष्यवृत्तीइतकेच हेही ज्ञातिकार्य आहे.