मृतांची यादी आणि पुरावा

(संग्रामपूर येथील कार्यकर्त्यांपुढील भाषण)



पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील संग्रामपूर तालुक्यात मूत्रपिंडाच्या विकाराने माणसे दगावतात, हे येथील कार्यकर्त्यांना सांगावयास नको. दोष विहिरींच्या खाऱ्या पाण्याचा, अशी लोकांची धारणा आहे. परंतु नुसत्या धारणेला शासनदरबारी पुराव्याचे मोल नाही.

शेजारच्या शेगाव तालुक्यात डिसेंबर २०२४ पासून लोकांचे केस झपाट्याने गळू लागले, तेव्हाही प्रथम संशय पाण्यावरच गेला. पुढे २०२५ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचे रक्त, लघवी व केस तपासून रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखविले.

म्हणून केवळ मृतांची यादी पुरेशी नाही. विहिरीचे पाणी पिणारी व वान धरणाचे नळपाणी पिणारी, अशी दोन्ही घरे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदवहीतून चिठ्ठ्या टाकून निवडावीत. निरोगी माणसांचीही नोंद हवी. रक्तदाब, मधुमेह, वेदनाशामक गोळ्या, फवारणी यांविषयी सर्वांना सारखेच प्रश्न विचारावेत. निष्कर्ष मागणीस प्रतिकूल निघाला तरी तो प्रसिद्ध करावा. आणि ग्रामसभेत मराठीतून वाचून दाखवावा. ज्यांच्या रक्तातून आकडे निघाले, त्यांचा त्यांवर पहिला हक्क आहे.

गोड्या पाण्याचा लढा मात्र निष्कर्षासाठी थांबवू नये. पिण्याजोगे पाणी मिळविण्यासाठी कोणालाही आपला आजार सिद्ध करावा लागता कामा नये.