पाटीवरचे अक्षर

बेळगाव वा निपाणीच्या बाजारपेठेतून जाणाऱ्याचे लक्ष दुकानांच्या पाट्यांकडे गेल्यावाचून राहत नाही. एकाच पाटीवर कन्नड आणि देवनागरी अशी दोन्ही अक्षरे येथे पुष्कळ ठिकाणी आढळतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून या मुलखात भाषेचा वाद चालू आहे. तथापि पाटीवर कोणती लिपी असावी याची जितकी चर्चा होते, तितकी ती कशी लिहावी याची होत नाही.

पूर्वी पाटी रंगविणारा कारागीर आधी रेघा आखी, खडूने अक्षरांचा अंदाज घेई आणि मगच कुंचला उचली. देवनागरी अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते. उभा दंड हा त्याचा कणा. कन्नडला अशी सलग शिरोरेषा नाही. तेथे बहुतेक अक्षरांच्या माथ्यावर स्वतंत्र तुरा असतो, त्याला ‘तलेकट्टु’ म्हणतात. जोडाक्षरातील दुसरे व्यंजन, म्हणजे ‘ओत्तक्षर’, खाली बसते. प्रकृती भिन्न खरी. परंतु कुंचला एकच असल्यामुळे रेषेची जाडी आणि टोकांचा गोलवा दोन्ही लिप्यांत सारखा उतरे.

कुंचल्याची जागा आता बव्हंशी संगणकाने घेतली आहे; हाताच्या वळणाची ओढ मात्र सुटलेली नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या संस्थेने २०१० नंतरच्या दशकात ‘बालू’ हा फॉन्ट सिद्ध केला. जाड, गोलसर आणि सहज हाताने काढल्यासारखे त्याचे रूप आहे. देवनागरीप्रमाणे इतर भारतीय लिप्यांतही तो असून कन्नड रूपाचे नाव ‘बालू तम्मा’ आहे. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. हा फॉन्ट कोणासही विनामूल्य वापरता येतो.

असे अक्षर मिठाईच्या दुकानाला, बालवाडीला, मुलांच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाला शोभते. औषधावरील सूचनेला किंवा न्यायालयाच्या नोटिशीला ते शोभत नाही. बारीक आकारात जाड अक्षराच्या पोकळ्या बुजतात आणि ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’ यांत गल्लत होते.

कर्नाटकाच्या २०२४ च्या कायद्याप्रमाणे दुकानाच्या पाटीचा साठ टक्के भाग कन्नडला द्यावा लागतो. उरलेल्या जागेत मराठी नाव बसविताना ते पुष्कळदा वरून खालून दाबले जाते. मग वेलांटी चपटी होते, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो, उकार छाटला जातो. जागा अपुरी असल्यास अक्षर सर्व अंगांनी लहान करावे, चेपू नये. हाच न्याय मराठी दुकानदाराने कन्नड ओत्तक्षरालाही लावला पाहिजे. केवळ नियमापुरते कसेबसे लिहिलेले कन्नड हाही त्या भाषेचा अनादरच होय.

कोणत्या लिपीला किती जागा द्यावी, हे कायदा ठरवील. मिळालेल्या जागेत अक्षर नीट उभे करणे हे मात्र पाटी लिहविणाऱ्याच्या हाती आहे. शेजाऱ्याची लिपी जो निगुतीने लिहवितो, त्याने आपल्या लिपीसाठी धरलेल्या आग्रहाला अधिक वजन येते.