शिक्षणातील खंड : निरोप आणि पुनरागमन

(विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विद्यापीठात प्रवेश कसा मिळवावा, या विषयावर मार्गदर्शन करणाऱ्यांची वाण नाही. परंतु प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यावर मध्येच शिक्षण थांबविण्याचा प्रसंग ओढवला, तर त्याने काय करावे, याची वाच्यता क्वचितच होते. मुक्तीनंतर १९६२ साली गोव्यात पहिली महाविद्यालये निघाली, ती मुंबई विद्यापीठाला संलग्न होती. १९८५ साली गोवा विद्यापीठ स्थापन झाले आणि उच्च शिक्षणाचे दार घराजवळ आले. दार जवळ आले, तरी त्यातून रीतसर बाहेर पडण्याची आणि पुन्हा आत येण्याची वाट अनेकांना आजही ठाऊक नसते.

शिक्षणात खंड पडण्याची कारणे नवी नाहीत. दीर्घ आजार, घरातील कर्त्या माणसाचा मृत्यू, मिळकतीचा आधार तुटणे, विवाह, मातृत्व, मनाचा थकवा, कधी चुकीच्या शाखेची निवड. अशा वेळी बहुतेक विद्यार्थी कोणास काही न सांगता वर्गात येणे बंद करतात. लोक काय म्हणतील, ही धास्ती त्यामागे असते. वस्तुतः शिक्षण सोडणे म्हणजे अपयश, हे समीकरणच तपासून पाहण्यासारखे आहे. बडोद्याच्या महाविद्यालयात शिकणारे विनोबा भावे १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघाले आणि वाटेत सुरतेस उतरून काशीकडे वळले. आपला निर्णय त्यांनी वडिलांना पत्राने कळविला. प्रत्येक विद्यार्थी विनोबा नसतो, हे खरे. तथापि विचारपूर्वक घेतलेला निरोप आणि नुसते नाहीसे होणे यांतील अंतर या उदाहरणावरून ध्यानात यावे.

या मुकाट्याने नाहीसे होण्याची किंमत मोठी असते. हजेरी अपुरी पडून सत्र वाया जाते, शिष्यवृत्ती खंडित होते, शुल्क परत मागण्याची मुदत टळते आणि पुढे परतण्याची इच्छा झाली, तर कागदोपत्री कारण दाखविता येत नाही. म्हणून पहिली पायरी लेखी अर्जाची. तात्पुरता अवकाश हवा की प्रवेश रद्द करावयाचा, हे त्यात स्पष्ट असावे. अवकाशात विद्यार्थ्याचे संस्थेशी नाते टिकते, तर प्रवेश रद्द केल्यास ते संपते. आजारपण असल्यास वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे आणि अर्जाची पोच, तारखेसह, जपून ठेवावी.

शुल्काच्या परताव्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली निश्चित प्रमाण ठरवून दिले. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या किमान १५ दिवस आधी अर्ज केल्यास पूर्ण शुल्क परत मिळावे, त्यातून फार तर ५ टक्के, आणि तेही ५,००० रुपयांच्या मर्यादेत, कापता येतात. त्यानंतर, परंतु अंतिम तारखेपूर्वी, ९० टक्के. अंतिम तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के. ३० दिवसांत ५० टक्के. पुढे काहीच नाही. अनामत रक्कम मात्र पूर्ण परत करावयाची असते. पुढील काही वर्षांसाठी आयोगाने याहून उदार मुदती दिल्या, म्हणून त्या त्या वर्षाचे परिपत्रक पाहणे अगत्याचे आहे. मूळ गुणपत्रिका व दाखले संस्थेने तपासून लगेच परत करावेत, अडकवून ठेवू नयेत, असेही याच अधिसूचनेत बजावलेले आहे.

परतीची वाटही आता पूर्वीपेक्षा रुंद झाली आहे. २०२१ साली शैक्षणिक श्रेयांक पेढीची योजना आली. पेढीत ठेव जमा व्हावी, तसे उत्तीर्ण विषयांचे श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावे जमा राहतात आणि साधारणतः सात वर्षांपर्यंत उपयोगी पडतात. २०२२ च्या पदवी आराखड्याप्रमाणे पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र व दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते; त्यासाठी ४ श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. तीन वर्षांच्या आत परत येऊन, एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करण्याची मुभा आहे. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना २४० दिवसांपर्यंत मातृत्व वा बालसंगोपन रजा मिळू शकते. पदवी व पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थिनींनाही मातृत्वासाठी रजा व हजेरीत सवलत देणारे नियम करावेत, असे आयोगाने २०२१ साली विद्यापीठांस कळविले.

मात्र एक धोका ओळखला पाहिजे. बाहेर पडण्याची सोय ही गरीब विद्यार्थ्याला बाहेर काढण्याची सबब होता कामा नये. एका वर्षाचे प्रमाणपत्र पदवीची जागा घेऊ शकत नाही. ज्याच्या घरी पैशाची अडचण आहे, त्याच्या हाती रद्द करण्याचा अर्ज देण्यापूर्वी शुल्कमाफी, शिष्यवृत्ती आणि हप्त्यांची सवलत यांची माहिती देणे हे प्राचार्यांचे व कार्यालयाचे कर्तव्य होय. सलग काही दिवस गैरहजर असलेल्या विद्यार्थ्याची एका शिक्षकाने घरी चौकशी केली, तरी पुष्कळ वेळा तुटू पाहणारा धागा टिकतो.

पालकांनीही मुलाच्या थांबण्याकडे कलंक म्हणून पाहू नये. शेतातील जमीन एखादा हंगाम पडीक ठेवली, म्हणजे ती वांझ झाली असे कोणी शेतकरी मानीत नाही. पुढील पेरणीची तारीख मात्र तो विसरत नाही. शिक्षणात खंड घेणाऱ्यानेही परतीची तारीख अर्जातच लिहून ठेवणे, हे सर्वांत हिताचे.