राजा, रयत आणि करार


सारा आपण भरायचा, रक्षण राज्याने करायचे, हा करार. रक्षण संपले की आज्ञेचे बंधनही संपते, असे इंग्लंडच्या हॉब्सने १६५१ साली लिहिले. १६८१ च्या आरंभी संभाजीराजांच्या फौजेने बुऱ्हाणपूरजवळचे बहादूरपूर तीन दिवस लुटले. (लुटणारे आपलेच, लपवायचे कशाला?) मोगल सरदार वेळेवर पोचले नाहीत. तेव्हा तिथल्या प्रतिष्ठित मुसलमानांनी औरंगजेबाला लिहिले : आमची अब्रू-मालमत्ता राखली जात नसेल, तर शुक्रवारचा नमाज बंद! त्या नमाजाच्या खुतब्यात बादशहाचे नाव घेत. ते थांबणे म्हणजे त्याची सत्ताच नाकारणे. नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः बुऱ्हाणपुरात आला. बंडखोर शहजादा अकबर संभाजीराजांकडे गेला होता, हेही कारण होतेच.

१६ जानेवारी १९६७ च्या कौलात आपण ३४,०२१ मतांनी हरलो. पण आपल्याला विचारले तरी! १९५६ साली बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात ठेवले, तेव्हा तिथे मतपेटी नव्हती.